संत आंतोनी यांची नेमणूक, शिक्षा आणि अटक

ज्या मुलखात हरवलेल्या वस्तूची जबाबदारी कुणावर तरी पक्की सोपवलेली असते, तो मुलूख सुधारलेला समजावा. आमच्या बाहियाच्या खाडीकाठी ही जबाबदारी संत आंतोनी यांच्याकडे आहे. किल्ली, अंगठी, शेळी आणि गुलाम, यांपैकी काहीही हरवलं तरी त्यांच्यापुढे मेणबत्ती लावायची. (हरवलेल्या नवऱ्यासाठी कुणी मेणबत्ती लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही.)

गुलाम या खात्यात कसे आले, असं बाहेरगावचा एखादा पाहुणा विचारतो. उत्तर सरळ आहे. कायद्याने गुलाम ही वस्तू आहे. वस्तूला पाय फुटत नाहीत, मग ती पळेल कशी? तेव्हा जो गुलाम जागेवर नाही, तो पळालेला नसून हरवलेला असतो. लिस्बनला शिकून आलेल्या वकिलांनासुद्धा यात खोट काढता आलेली नाही.

संत हे काम फुकट करतात असंही नाही. खाडीच्या किल्ल्यावर त्यांची शिपाई म्हणून रीतसर नेमणूक आहे आणि पगार दरमहा आमच्या चर्चमध्ये जमा होतो. बाकीच्या शिपायांचे पगार थकलेले असतात, यांचा कधी थकत नाही. मी सेन्योर बाल्ताझार यांच्या साखरेच्या घाण्यावरच्या चर्चचा सेवेकरी, त्यामुळे संतांची झाडलोट, मेणबत्त्या आणि शिक्षा ही तिन्ही कामं माझ्याकडेच. शिक्षेबद्दल पुढे सांगतो.

आमच्या घाण्यावर दामियाना नावाची बाई चरकात ऊस सारायची. चरकाशेजारी एक कोयता टांगलेला असतो. ऊस सारताना कुणाचा हात चरकाच्या रुळांमध्ये ओढला गेला, तर घाणा न थांबवता तो हात तोडायचा, अशी सोय आहे. (घाणा थांबला तर रस आंबतो.) या कोयत्याखाली दामियानाने वर्षानुवर्षं काम केलं आणि पळून जाण्याचं नाव काढलं नाही. याचं श्रेय मालक आपल्या दयाळूपणाला देत.

मग मालकीणबाई दोना उर्सुला यांच्या भाचीचं पर्नाम्बुकूला लग्न ठरलं. हुंड्याच्या यादीत पलंगपोस, चांदीचे चमचे आणि दामियानाची सहा वर्षांची मुलगी झेफा होती. पोर चुणचुणीत होती, पंखा बरा हलवायची. यादी ठरली त्या रात्री मायलेकी दोघी हरवल्या.

दोना उर्सुलांना मनापासून वाईट वाटलं. "तोमे," त्या मला म्हणाल्या, "मी त्या पोरीला नवा झगा शिवायला टाकला होता रे. तिच्या आईला काही लाजलज्जा?"

"नाही बाईसाहेब," मी म्हणालो. "झग्याचं माप घेतलं होतं का?"

"तोंड आवर आणि मेणबत्ती लाव."

मेणबत्ती लावली. मागोमाग रानकप्तान इनासियो दोर आणि दोन कुत्रे घेऊन जंगलात गेला. इनासियो स्वतः पूर्वी गुलाम होता. सुटका होताच त्याने पळालेल्यांना पकडायचा धंदा धरला आणि त्यात नाव काढलं. (माणसाला संधी मिळाली की तो कसा वर येतो, हे सांगताना आमचे पाद्री त्याचंच उदाहरण देतात.)

आठवडा गेला. मायलेकींचा पत्ता नाही. तेव्हा शिक्षेची रीत सुरू झाली. आमच्याकडे संताने कामचुकारपणा केला की आधी त्याच्या मूर्तीच्या हातातला बाळ येशू काढून घेतात. आईबापाला पोराचा विरह झाला की ते लवकर वळणावर येतात, असा अनुभव आहे. दोना उर्सुलांनी बाळ चमच्यांच्या कपाटात कुलूपबंद केलं. तरीही संत हलेनात, म्हणून मी त्यांचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तेही वाया गेलं. शेवटी संतांच्या पायाला दोर बांधून त्यांना विहिरीत उलटं सोडलं, डोकं पाण्यात. हरवलेलं सापडेपर्यंत वर काढायचं नाही, अशी बाईसाहेबांची आज्ञा होती.

पाणी भरायला म्हातारी स्वयंपाकीण जेनोवेवा यायची. ती रोज विहिरीत वाकून काहीतरी पुटपुटे.

"काय गं, नवस बोलतेस की काय?" मी विचारलं.

"होय बाबा. हरवलेलं सापडू दे म्हणते."

"तुलाही त्या दोघी सापडायला हव्यात?"

"त्या कशाला?" ती म्हणाली. "त्यांना वाट सापडू दे म्हणते. वाट हरवली तरी यालाच सांगतात ना? आणि मालकीणबाईंचं ऐकू येऊ नये म्हणून तर देवाने याचं डोकं पाण्यात घातलंय."

एकाच शिपायाला दोन्ही बाजूंनी हुकूम मिळाले तर त्याने कुणाचा पाळावा, याबद्दल किल्ल्याच्या नियमांत काही सांगितलेलं नाही.

पाऊस लागला, विहीर चढली आणि संत पायापर्यंत बुडाले. त्यांचा गोरापान चेहरा चुन्याचा आणि सफेद्याचा होता. तो फुगला, सुटला आणि आमच्या पिण्याच्या पाण्यात मिसळला. खालचं लाकूड निघालं काळं शिसवी.

जंगलातून हात हलवत परतलेला इनासियो पाणी प्यायला विहिरीवर आला. खाली पाहिलं तर एक काळा माणूस लपलेला. त्याने ओढून वर काढला. नाव विचारलं, उत्तर नाही. बाहेर फिरायच्या परवानगीची मालकाची चिठ्ठी विचारली, चिठ्ठी नाही. कायद्याने ज्या काळ्याजवळ चिठ्ठी नाही तो फरारी. इनासियोने संतांना आणखी एक दोर बांधला आणि बक्षीस मागायला मालकांच्या दारात उभं केलं.

"अरे गाढवा, हे लाकूड आहे," मालक म्हणाले.

"मालक, मी लाकूड आहे की माणूस ते तपासत नाही," इनासियो म्हणाला. "रंग बघतो आणि चिठ्ठी बघतो. आजवर तुम्ही कधी तक्रार केली नाहीत."

प्रकरण न्यायाधीशांकडे गेलं. न्यायाधीश कायद्याला धरून चालणारे होते. त्यांनी निकाल दिला की आरोपी काळा आहे आणि त्याच्याजवळ चिठ्ठी नाही, सबब तो गुलाम. तो ज्यांच्या विहिरीत सापडला, त्यांचा तो. बोलत नाही हा उर्मटपणा असून त्याची वेगळी दखल घेण्यात येत आहे.

मालक चिडले होते, पण घोड्यावर बसता बसता त्यांना उमज पडली. भाड्याने कामाला लावलेल्या गुलामाची कमाई कायद्याने मालकाची. संत किल्ल्यावर शिपाई आहेत. म्हणजे चर्चमध्ये जमा होणारा पगार इथून पुढे बाल्ताझारसाहेबांचा. घरी येताच त्यांनी इनासियोचं बक्षीस चुकतं केलं आणि माझी पाठही थोपटली.

राहता राहिला हिशेब. फिर्याद होती एक मोठी बाई आणि एक लहान मूल हरवल्याची. बाळ येशू कपाटातून काढून संतांच्या हातात परत बसवला, तेव्हा एक मोठं आणि एक लहान असे दोन जीव भरले. न्यायाधीशांनी प्रकरण मिटल्याचा शिक्का मारला. एकदा सापडलेल्यांना पुन्हा शोधणं म्हणजे कोर्टाचा अपमान, म्हणून इनासियोने कुत्रे घरी नेले.

दोना उर्सुलांनी झेफाच्या जागी भाचीला खेचर पाठवलं. भाचीचं आभाराचं पत्र आलं की खेचर फार गुणी आहे आणि रात्री आईसाठी रडत नाही.

ही हकीगत मी आल्यागेल्याला सांगतो. सगळी भली माणसं असतात, पोट धरून हसतात आणि मग कळवळून विचारतात, संतांना पुन्हा गोरा रंग दिला का? पगार अजून मालकच खातात का? एवढ्या थोर संताची केवढी ही विटंबना. दामियाना आणि झेफा कुठे पोचल्या, हे आजवर मला एकट्या इनासियोने विचारलं आहे, आणि विचारताना तो दोराला गाठ मारत होता. तुम्हीही संतांचंच विचारायला तोंड उघडलं होतंत, ते मी पाहिलं. विचारा, लाजू नका. तुम्हा भल्या माणसांना त्या दोघींची आठवण होत नाही, म्हणूनच त्या अजून सुखरूप आहेत.