टाकीतला धोंडू

संपाला वर्ष उलटलं तशी कोंडीरामने चाळीच्या मागच्या कोरड्या टाकीत शेण भरलं. गिरणीच्या बॉयलरवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला घरात नुसतं बसवत नाही. शेणावर त्याने लोखंडी पिंप उपडं घातलं, त्याला नळी जोडली आणि ती आपल्या तळमजल्याच्या खोलीतल्या शेगडीपर्यंत आणली. आत कुजलं की गॅस होणार, गॅस झाला की पिंप वर उचललं जाणार आणि बायको रॉकेलच्या रांगेतून सुटणार, असा बेत.

बायकोने, म्हणजे रखमाने, गावी जायची पेटी भरून उंबऱ्याशी ठेवली होती. "घट बसायच्या आदी शेगडी पेटली तर पेटली," ती म्हणाली. "नायतर ह्या पिंप भंगारात आणि मी गावाक."

पिंप काही हलेना. टाकीला रोज खरकटं हवं होतं, आणि संपकऱ्यांच्या चाळीत खरकटं कुठून येणार? ताटं चाटूनपुसून उठणारी माणसं. बायको गेली तर मागे उरणार तो फक्त वास, या विचाराने कोंडीरामची झोप उडाली.

मग पितृपंधरवडा लागला. स्वतः अर्धपोटी राहतील पण पितरांचं पान चुकवणार नाहीत, अशी ती माणसं. पहिलं पान कमलाबाईने वाढलं. तिचा नवरा धोंडू, कोंडीरामचा बॉयलरवरचा जोडीदार, उन्हाळ्यात दम्याने गेला होता. टाकीच्या वासाने कावळा काही मागच्या कठड्याकडे फिरकेना. पितरांचं पान घरात परत नेत नाहीत, म्हणून तिने ते टाकीच्या तोंडात सोडलं. मग एकेका घराची तिथी येत गेली आणि कावळा न शिवलेलं प्रत्येक पान तिथेच गेलं.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, पिंप श्वास घेऊ लागलं. तीन आखूड धापा, एक लांब सुस्कारा. कमलाबाईच्या हातातला तांब्या पडला.

"ही आमच्या ह्यांचीच धाप हाय!"

गॅस आहे हे कोंडीरामला ठाऊक होतं. पण धोंडू अगदी अशीच धाप टाकायचा, तीन आणि एक.

"वहिनी, तो गॅस आहे. भात कुजला की..."

"म्हंजे, जेवले न्हाईत ते?"

तिचे डोळे भरून आले. "जेवतोय ना," कोंडीराम म्हणाला. "भूकच होती त्याला."

झालं! धोंडू टाकीत बसून जेवतो, ही बातमी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. पोरं मागे खेळायची बंद झाली. भीतीने पानांवरचा भात वाढला, आणि जितका भात वाढला तितकी धाप वाढली.

सर्वपित्री अमावास्येला पिंप छातीएवढं वर आलं. रखमाने काडी ओढली. शेगडीवर निळी ज्योत मुकाट उभी राहिली. रखमा आधी किंचाळली, मग हसली. कमलाबाईने धोंडूच्या पानाचा भात त्याच ज्योतीवर शिजवला, आणि मग रखमाने आपलं पातेलं चढवलं.

कमलाबाईने कठड्यावर पान ठेवून हात जोडले. पंधरा दिवस न फिरकलेला कावळा समोर येऊन बसला.

त्या दिवशी अख्खी मुंबई कावळ्याला 'ये, ये' म्हणून विनवत होती. एकटी रखमा पळी घेऊन धावली. "हुश्श! मेल्या, माझो भात अजून कच्चो आसा!"

कावळा पानाला शिवला. टाकीतून एक लांब सुस्कारा निघाला आणि पिंप हळूहळू तळाशी जाऊन बसलं. शेगडी विझली. कोंडीरामने नळी पाहिली, चावी पाहिली. गळती कुठेच नव्हती.

"गेले," एवढंच म्हणून कमलाबाई डोळे पुसत घरात गेली.

उद्या घट बसणार होते. कोंडीराम पेटीकडे बघत उभा राहिला. रखमाने पातेल्यातलं एक शीत दाबून पाहिलं, मग पेटी उचलली आणि खाटेखाली सरकवली.

"आयकलात?" ती हळूच म्हणाली. "चाळीत आणखी कोण म्हातारो आजारी आसा काय?"