झुरळसाहेबांची मिशी

बेकरीवाल्याच्या बायकोच्या डोक्यात कधी कुठला किडा वळवळेल, याचा नेम नव्हता. तिच्या बालकवितांमध्ये फुलपाखराला मज्जाव होता. तिथं उवांच्या शर्यती लागायच्या, गोमाशीला जुलाब व्हायचे आणि शेणकिडा वाढदिवसाला सगळ्यांना गोळ्या वाटायचा. पोरं हसून लोळायची. नवऱ्याला मात्र मळमळायचं. आपलं खाण्याचं दुकान आहे, बाहेर कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, असं तो सारखा म्हणायचा आणि ती ते झुरळासारखं झटकून टाकायची.

त्या दिवशी तर त्याचा जीव टांगणीला लागला होता. बेकरीच्या परवान्याचा कागद अन्न-तपासणीच्या साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि आज साहेब निवृत्त होत होते. नवा साहेब म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खेटे. त्यात निरोपाचा केक याच्याचकडून जायचा होता. वरचा मजकूर तिथला कारकून फोनवर पाठवणार होता.

फोन वाजला तेव्हा बेकरीवाल्याचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "मावशी, मजकूर आला असेल, तेवढा केकवर उतरवा."

सजावटीच्या मावशींनी फोन पाहिला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "मालक, हेच लिहायचं?"

"आहे तेच. आणि नियम लक्षात आहे ना?"

नियम त्यानंच घातला होता. एकदा कुणाच्या तरी सासऱ्यांना केकवरून अरे-तुरे झालं होतं, तेव्हापासून बेकरीत क्रीमनं लिहिताना सगळ्यांना अहो-जाहो. मावशींनी नियम पाळला. केक गेला.

मग कारकुनाचा फोन आला. उशिराबद्दल माफी मागून तो म्हणाला, मजकूर आता पाठवतो. बेकरीवाल्यानं फोन उघडला. त्यात बायकोची नवी कविता होती:

माशी शिंकली क्रीमवरती,
शेंबूड झाला गोड.
झुरळ म्हणालं, "मीच चाटतो,
मिशी माझी तू सोड!"

म्हणजे केकवर हीच गेली होती. तो ॲप्रनसकट धावत सुटला.

कचेरीत सगळे खाली मान घालून उभे होते. साहेबांची मिशी अख्ख्या खात्यात प्रसिद्ध होती. ती केकवर वाकवून साहेब मोठ्यानं वाचत होते, "झुरळसाहेब म्हणाले, 'आम्हीच चाटतो, मिशी आमची सोडा!'"

"हे कोणी लिहिलं?"

"बायकोनं. म्हणजे मावशींनी. म्हणजे आमच्याकडे झुरळ नाही हो साहेब, शप्पथ."

"ते मी तपासलंय. मी विचारतोय, 'गोड'ला 'सोडा' कोणी जुळवलं? सोडा केकच्या पोटात घालतात, यमकात नाही."

आता लपवून काय उपयोग? बेकरीवाल्यानं हात जोडून, घाबऱ्या आवाजात, मूळ कविता म्हणून दाखवली. शेंबडापाशी साहेबांचं पोट हलायला लागलं. मिशीपाशी तर ते खुर्चीतच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. साहेब हसले म्हटल्यावर कचेरीही खदखदली.

मग साहेबांनी 'सोडा'चा काना बोटानं उचलला आणि तोंडात टाकला. "आता जुळलं." पुन्हा बोट पुढे केलं आणि झुरळापुढचं 'साहेब'ही खरवडून घेतलं. "हेही जाऊ दे. उद्यापासून मला तरी कोण म्हणणार आहे?"

ते क्रीम त्यांनी जरा सावकाश चाटलं. मिशीला लागलं ते तसंच राहिलं. त्याच बोटांनी त्यांनी परवान्यावर सही केली, त्यामुळे कागदाचा कोपरा तेलकट झाला, पण बेकरीवाल्यानं तो छातीशी धरला.

केक वाटून संपतो, एवढ्यात फोन वाजला. बायको होती.

"अहो, कविता कशी वाटली ते सांगितलंच नाहीत. बघितली तरी का?"

बेकरीवाल्यानं केकखालच्या रिकाम्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. अख्खी कचेरी बोटं चोखत होती.

"सगळ्या कचेरीनं बघितली," तो म्हणाला. "अगदी चाटूनपुसून."