तटस्थ वाचकाचा अभिप्राय

हेडक्लार्कांनी बायकोच्या नावाने वाचनालयाचं कार्ड काढलं, ते तिने वाचावं म्हणून नव्हे. एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळत आणि त्यांना चार हवी असत, एवढाच हिशेब. (निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत सगळे त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत. खुर्ची गेली तरी ते स्वतः खुर्चीतून उठले नव्हते.)

"पहिलं पुस्तक कार्डवाल्यानं स्वतः येऊन न्यायचं," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "नियम आहे."

नियम म्हटल्यावर हेडक्लार्क विरघळत. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला निघालेल्या बायकोला ते वाट वाकडी करून वाचनालयात घेऊन आले. तिने दाराजवळच्या पहिल्याच कपाटातून हाताला लागेल ते जाडजूड पुस्तक ओढलं. मुखपृष्ठावर एक ड्रॅगन आग ओकत होता.

"अगं, ते पोरासोरांचं आहे. राजवाडे, चेटूक, उडते सरडे. आणि एकदोन नाही, नऊ भाग आहेत त्याचे."

"पोरांचं आहे ना? मग मला जमेल," ती म्हणाली आणि पुस्तक भाजीच्या पिशवीत टाकलं.

पुस्तकाचं नाव 'नऊ दारांची गाथा'. तिसऱ्या दिवशी पहिला भाग संपला. आठवड्याने दुसरा. गेली अडतीस वर्षं त्या घरात वाचणारा माणूस एकच होता. रोज जेवताना हेडक्लार्क वाचलेलं सांगत आणि बायको "हो का" म्हणत. त्या 'हो का'वर त्यांची अख्खी विद्वत्ता उभी होती. आता ते रशियाच्या इतिहासात शिरले की ती हात वर करी.

"थांबा जरा. एकाक्ष सरदार वेढ्यात अडकलाय. एवढं पान होऊ दे."

हा एकाक्ष सरदार म्हणजे गाथेचा नायक. एका डोळ्यावर काळी पट्टी, अंगावर सतरा जखमा. त्याच सुमारास हेडक्लार्कांचा गुडघा धरला होता. मलम लावता लावता बायको म्हणाली, "त्याच्या खांद्यात बाण घुसला, आरपार. पण माणूस एकदा कण्हला असेल तर शपथ."

हेडक्लार्क कण्हायचे थांबले. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांना बायकोबद्दल कधी शंका आली नव्हती, आणि आता आली ती कागदावरच्या, एका डोळ्याच्या माणसावरून. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

तरी तेवढं त्यांनी गिळलं असतं. प्रकरण पेटलं ते फलकावरून.

वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलाशेजारी हिरव्या कापडाचा एक अभिप्राय-फलक होता. वाचकाने अभिप्राय लिहून खालच्या पेटीत टाकायचा, ग्रंथपालबाई तो टाचणीने लावत. फलकाचा उजवा वरचा कोपरा अकरा वर्षं हेडक्लार्कांचा होता. त्यांचा प्रत्येक अभिप्राय 'सदर ग्रंथाचे अवलोकन केले असता' असा सुरू होई आणि 'सबब, ग्रंथ वाचनीय आहे' असा संपे. तो दोनच माणसं वाचत. ग्रंथपालबाई, टाचणी लावताना, आणि हेडक्लार्क स्वतः, टाचणी सरळ लागली का ते बघताना.

एका सकाळी त्या फलकापुढे गर्दी दिसली. कंपाउंडर, शिंपी, शाळेतल्या मोठ्या बाई, सगळे माना उंच करून उभे. हेडक्लार्कांची छाती अर्धा इंच फुगली. अखेर जनतेला जाग आली म्हणायची. ते नम्र चेहरा करून जवळ गेले. गर्दी डाव्या खालच्या कोपऱ्यापुढे होती आणि तिथला कागद त्यांच्याच घरातल्या वाणसामानाच्या वहीतून फाडलेला होता.

'या भागापायी माझं दूध दोनदा उतू गेलं,' त्यावर लिहिलं होतं. 'तिसऱ्यांदा मी दूध तापवलंच नाही. चेटकीण वाईट आहे असं सगळे म्हणतात, पण एवढा मोठा वाडा ती एकटी झाडते, याचं कुणाला काही नाही. सरदार कण्हत नाही. आमच्याकडे सर्दी झाली तरी घर गोळा होतं. पुस्तक घ्या, पण घरात आधी सांगून ठेवा.'

"काय लिहिलंय हो वहिनींनी," शिंपी म्हणाला. "मी तर पहिल्या भागासाठी नंबर लावला."

"तुमच्याकडेच शिकल्या असतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"असतील," हेडक्लार्क म्हणाले. सर्दी त्यांना गेल्याच महिन्यात झाली होती.

दर आठवड्याला तिचा एक कागद लागू लागला. भाजीवालाही पिशवीत जास्तीची मिरची टाकताना विचारी, "ताई, सरदार सुटला का?" गाथेच्या पहिल्या पाच भागांना रांगा लागल्या. हेडक्लार्कांनी ईर्षेने चार अभिप्राय एका आठवड्यात लिहिले. ग्रंथपालबाईंनी ते एकावर एक ठेवून एकाच टाचणीत अडकवले.

मग त्यांनी ठरवलं. या गाथेचं एकदा बिंग फोडायचं. नाव न देता, निःपक्षपातीपणे.

त्यासाठी पुस्तक वाचणं भाग होतं. पहिले पाच भाग लोकांकडे होते. सहावा तर त्यांच्याच घरी होता, पण तो मागणं म्हणजे शरणागती. सातव्यापासून पुढचे तीन भाग मात्र कपाटात धूळ खात होते, कारण तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. हेडक्लार्कांनी थेट नववा काढला आणि त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही. सरकारी फाइलीत सगळ्यात ताजा कागद सगळ्यात वर असतो. तो वाचला की खालच्या दोनशे कागदांत काय झालं असेल ते जाणत्या माणसाला आपोआप कळतं. चौतीस वर्षं त्यांनी अशाच फाइली निकालात काढल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी परत आल्या नव्हत्या. त्यांनी वाचनालयातच कोपऱ्यात बसून नवव्या भागाची शेवटची तीस पानं वाचली आणि पुस्तक जागेवर ठेवून दिलं.

एकाक्ष सरदार मरत होता.

हेडक्लार्कांना इतका निर्मळ आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता. ते लिहायला बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'सदर' हा शब्द सुचला नाही. रागच लिहीत गेला.

'नऊ भाग, चार हजार पानं, आणि शेवटी काय? तुमचा लाडका एकाक्ष सरदार विहिरीत पडून मरतो. लढताना नाही, पाय घसरून. ज्याला विहिरीचा कठडा दिसत नाही तो राज्य काय बघणार? कण्हत नाही म्हणे. पडताना चांगल्या तीन ओळी ओरडतो, मोजून घ्या. एवढ्यासाठी दूध उतू घालवण्यापेक्षा दुधाकडे बघत बसावं. शेवट त्याचाही तोच, पण लवकर येतो.'

खाली 'एक तटस्थ वाचक'. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ते कचेरीजवळच्या टायपिस्टकडे गेले. टाइप करता करता तो दोनदा हसला.

"काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"छे. मित्राचं आहे."

"वाटलंच," टायपिस्ट म्हणाला.

कागद पेटीत पडला आणि घराच्या पायऱ्या चढता चढता हेडक्लार्कांचं धाबं दणाणलं. बायको आज पुस्तक बदलायला जाणार होती. ती तो कागद वाचेल. तिचा सरदार असा एका ओळीत, पाय घसरून जाईल. ती रडली तर? लग्नानंतर ती मोजून दोनदा रडली होती, आणि दोन्ही वेळा त्यांना काय करावं ते कळलं नव्हतं. त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली आणि सांत्वनाची तालीम सुरू केली. 'अगं, जाणारा जातो.' हे बरं नव्हतं. 'तुला मी आहे ना.' हे त्यांना स्वतःलाच पटेना. शेवटी त्यांनी चहा करून ठेवला.

ती आली ती गुणगुणत.

"आज चहा तुम्ही केलात? तब्येत बरी आहे ना?"

"फलक पाहिलास?" त्यांनी घसा साफ करत विचारलं.

"पाहिला की. अख्खं वाचनालय पोट धरून हसतंय. कुणी तटस्थ वाचक आहे. म्हणतो, एकाक्ष सरदार विहिरीत पडून मरतो."

"मग? तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. बरं वाटलं. अहो, तो सरदार नाहीच मुळी. चौथ्या भागात त्याचा खिदमतगार त्याचं चिलखत आणि डोळ्यावरची पट्टी चोरतो आणि सरदार म्हणून गादीवर बसतो. खरा सरदार डोंगरात मेंढ्या राखतोय, धडधाकट. त्या चोराला कधी मरण येतंय म्हणून आम्ही वाट बघतोय, तर या देवमाणसाने आधीच सांगून जिवाचा घोर मिटवला. शिंप्यानं तर पेढे नाही पण निदान साखर वाटू म्हणून धोशा लावला होता."

"म्हणजे त्या माणसानं मधलं काही वाचलेलंच नाही," हेडक्लार्क क्षीण आवाजात म्हणाले.

"एक पान नाही. पण लिहितो काय सुंदर. दुधाचा शेवटही तोच, पण लवकर येतो, म्हणे." ती पुन्हा हसली, आणि हसता हसता चहा सांडला. हेडक्लार्कांच्या एखाद्या वाक्यावर ती अशी हसल्याचं त्यांना आठवेना. आणि आता हसली होती तेही त्यांच्याच वाक्यावर, पण ते त्यांना सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले तेव्हा ग्रंथपालबाई उजव्या वरच्या कोपऱ्यातून त्यांचे कागद काढत होत्या.

"रागावू नका हं. लोकांची मागणी आहे, तटस्थ वाचकांना कायमची जागा द्या. कोण आहेत देव जाणे, पण लिहितील पुन्हा. तुमचे अभिप्राय मी नीट जपून ठेवते. पंख्याने नोंदींचे कागद उडतात ना, त्यावर वजन म्हणून बरे आहेत."

खाली पेटीवर एक चिठ्ठी लावलेली होती. 'तटस्थ वाचकांस विनंती, कृपया पुढचे पुस्तक कोणतेही घ्यावे, पण शेवटूनच वाचावे.' खाली एकवीस सह्या होत्या. पहिली सही त्यांच्या बायकोची.

हेडक्लार्क घरी आले. आधी सरदाराचा हेवा होता, मग बायकोचा. आता या तटस्थ वाचकाने त्यांचा कोपरा घेतला होता, त्यांच्या बायकोला हसवलं होतं, आणि त्याचाही गुडघा दुखतो हे कुणाला माहीत नव्हतं. याच्याइतका राग त्यांना कुणाचाच आला नव्हता. बायको खिडकीत बसून सातवा भाग वाचत होती.

"अगं, ऐक. तुला एक सांगायचंय." त्यांनी एकदम बोलून टाकलं. "तो तटस्थ वाचक मीच आहे."

तिने पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं. मग उठून जवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्यावर जळलात, मी काही बोलले नाही. सरदारावर जळलात, तेही कळत होतं मला. पण आता त्या बिचाऱ्याचं लिहिलेलंही आपल्या नावावर घ्यायचं, हे तुम्हाला शोभत नाही हो."