दहापैकी दोन, अथवा खाट सातच्या गुडघ्याची मोहीम

मजला तिसरा, खाट क्रमांक सात, येथील उजवा गुडघा कोणे प्रकारे सर जाहला, कोण लढले, कोण अडले आणि सही कोठे जाहली, याविषयी पुढे कोणी भलतेच सांगो नये, म्हणोन जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ बेताने घालोन, येथे लिहिले असे. वाचणारांनी खुर्चीस पाठ टेकोन वाचावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाय लांब करावेत, कोणी रागावणार नाही.

तर त्या समयी त्या इस्पितळी मोठी मसलत चालली होती, की शस्त्रक्रियेनंतर जी वेदना उठते ती कोणते औषध अधिक आवरते याचा कायमचा निवाडा करावा. आणि औषधे दोन, एक जुने, एक नवे, दोन्ही सारख्याच बाटल्यांत मोहरबंद, कोणास कोणते पोहोचले हे घेणारास ठाऊक नाही आणि देणारासही ठाऊक नाही, ऐसा कडेकोट बंदोबस्त. एकशे वीस गुडघे या कामी रुजू व्हावयाचे, पैकी एकोणऐंशी जाहले होते. मोहिमेचे मुख्य सरदार भूलतज्ज्ञ डॉक्टर. आणि प्रत्यक्ष रणांगणी खाटोखाट फिरोन आकडे गोळा करणार त्या संशोधनाच्या सिस्टरबाई, अंगाने किरकोळ, हिमतीने मातबर, खिशास चार पेने, पैकी चालणारे एक. त्यांजला हुकूम ऐसा, की दर चार तासांनी रोग्यापुढे उभे राहोन "तुमची वेदना दहापैकी किती?" हा छापील प्रश्न वाचावा आणि येईल तो आकडा तक्त्यात लिहावा. आकडा चार अथवा वर गेला, किंवा रोग्याने स्वमुखे मागितली, की तत्क्षणी जादा औषधाची कुमक रवाना करावी, एरवी नाही. प्रश्नाचा काना-मात्रा हलवू नये, रोग्यास आकडा सुचवू नये, भुवईदेखील उचलू नये, हे फर्मान भिंतीस चिकटवले होते आणि त्याचा एक कोपरा सुटला होता.

ऐंशीवा गुडघा मास्तरांचा. मास्तर चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवोन निवृत्त जाहलेले, आणि त्यांच्या हातून पैकीच्या पैकी गुण कोणासही गेले नाहीत ऐसी त्यांची चहूकडे कीर्ती. सोबत मास्तरीणबाई. त्या पिशवी सावरीत, कठडा धरोन, दर पायरीस दोन्ही पाय टेकवीत तीन मजले चढोन येत. सिस्टरबाईंनी एकदा लिफ्ट दाखविली, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, ती पेशंटसाठी. मला काय धाड भरलीय?" आणि मग घटकाभर खिडकीशी उभ्या राहोन दम खात.

शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, सांधा नवा बसला, भूल उतरली आणि दुसरे दिवशी सकाळी वेदनेने खाट सातवर चाल केली. सिस्टरबाई तक्ता घेवोन दाखल जाहल्या. पाहतात तो मास्तरांच्या कपाळी घाम, मुठीत चादर, दातांवर दात. बाईंनी छापील प्रश्न वाचला. मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलविले, मनाशी काही हिशेब केला आणि निकाल जाहीर केला, "दोन."

दोन म्हणजे कुमक नाही. चार तासांनी पुन्हा विचारले, पुन्हा दोन. मग व्यायामाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी गुडघ्यास नुसता हात लाविला, तो मास्तरांची आरोळी औषधांच्या खिडकीपावेतो पोहोचली, आणि खाट आठचा रोगी उठोन बसला, आणि तक्त्यात आकडा पडला तो दोन. मॅडमनी बाहेर येवोन बजाविले, "उद्या काटकोनात वाकला पाहिजे आणि पावलं पडली पाहिजेत. नाहीतर सांधा धरेल. मग परत भूल देऊन वाकवायचा, परत पहिल्यापासून." हे ऐकोन सिस्टरबाईंनी तक्ता पुन्हा वरपासोन खालपावेतो पाहिला. इकडे माणूस तळमळतो, तिकडे कागदावर औषधाचा डंका वाजतो, आणि खोट्या दोनाच्या जोरावर उद्या कोणते औषध शूर ठरेल याचा भरवसा नाही.

बाईंनी मास्तरीणबाईंस गाठोन वृत्तांत सांगितला. त्या कपाळास हात लावोन म्हणाल्या, "दहापैकी म्हणालात ना? मग झालं. ते पेपर तपासतायत." आणि खरेच, दोघी आत गेल्या तो मास्तर जातीने खुलासा करू लागले, "सलग दुखत नाही, मध्येच दम खाते. दोन कापले. कधी गुडघा म्हणते, कधी पोटरी, उत्तर एकच हवं. दोन कापले. आली ती पायऱ्या न दाखवता एकदम आली, त्याचे दोन. आणि दोन टापटिपीचे, ते मी कुणालाच देत नाही."

"अहो, मग तोंडानं मागून घ्या की औषध!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मागून? उभ्या जन्मात कुणाला मागून गुण दिला नाही, आता स्वतः घेऊ?"

तेव्हा सिस्टरबाईंनी डॉक्टरांच्या हुजुरात अर्ज गुदरला. तेथून आज्ञा जाहली, की शून्य म्हणजे वेदना अजिबात नाही आणि दहा म्हणजे कल्पना करवेल तितकी तीव्र वेदना, हे स्पष्टीकरण छापील आहे ते पुन्हा वाचावे, पदरचे काही घालू नये. बाईंनी संथ लयीत वाचले. मास्तरांनी ते मन लावोन ऐकिले, पसंतीची मान हलविली आणि म्हणाले, "कल्पना करवेल तितकी? माझी कल्पनाशक्ती दांडगी आहे, बाई. दीड लिहा." ऐसे करता कुमक जवळ यावयाची ती अर्ध्या गुणाने लांब गेली.

मग सिस्टरबाई नियमांची पोथी उघडोन बसल्या आणि पाने चाळता चाळता चौदावे कलम हाती लागले. तेथे लिहिले होते, की रोग्यास आकडे उमगत नसल्यास सहा चेहऱ्यांची पट्टी पुढे धरावी, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत, आणि रोगी बोट ठेवील त्या चेहऱ्यामागचा आकडा तक्त्यात घ्यावा. मात्र तत्पूर्वी "रुग्णास आकडे समजण्यास अडचण आहे" या कागदावर रोग्याची स्वदस्तुरची सही घ्यावी. बाईंनी हे कलम तीन वेळा वाचले, ग्लासभर पाणी प्याल्या आणि निघाल्या.

तो कागद पाहताच मास्तर जे कडाडले ते काय वर्णावे! "मला? आकडे? चौतीस वर्षं!" खाट आठच्या रोग्याने डोळे मिटोन झोपेचे सोंग घेतले, आणि व्यायामाच्या मॅडम दारातून आल्या पावली परतल्या. सिस्टरबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत, भुवई उचलली नाही, कागद पुढे धरोन उभ्या राहिल्या.

तेव्हा मास्तरीणबाई खाटेच्या कडेस बसल्या आणि आवाज न चढविता बोलल्या, "आकडे समजतात तुम्हाला, कोण नाही म्हणतंय. दुखणं समजत नाही. शाळेतली पोरं रडली तरी तुम्ही म्हणायचात, कुठली पायरी चुकली दाखव. उद्या हा पाय वाकला नाही तर तुम्हाला उठवायचं कुणी, बसवायचं कुणी? माझ्याच्यानं नाही हो होणार."

मग मास्तरांनी हात पुढे केला. सिस्टरबाईंनी चालणारे एकमेव पेन दिले. मास्तरांनी प्रथम कागदावर चुकोन छापलेले "अडचन" खोडोन "अडचण" केले, त्याखाली रेघ ओढिली, आणि नंतर सही केली.

पट्टी पुढे आली. सहा चेहरे, गोल, ओळीने मांडलेले. मास्तर पुष्कळ वेळ पाहत राहिले आणि हळू म्हणाले, "ही तोंडं ओळखीची आहेत. निकालाच्या दिवशी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हीच असायची. मी वहीत बघायचो." त्यांचे बोट हसऱ्यापासून निघोन पाचव्यावर थांबले, ज्याच्या भुवया वर आणि ओठ खाली. "हा मी," ते म्हणाले. सिस्टरबाईंनी पट्टी उलटविली. पाठीमागे आठ.

कुमक धावोन आली. अर्ध्या तासात मुठीतली चादर सुटली, आणि त्या दुपारी मास्तर घोरले, ते ऐकोन मास्तरीणबाईंस रडू आले. तिसरे दिवशी मॅडमनी गुडघा वाकविला. मास्तरांनी नजरेने पाहोन एकोणनव्वद अंश जाहीर केले. मॅडमच्या कोनमापकाने ब्याण्णव दाखविले. शेवटी काटकोनावर तह जाहला. मग मास्तर वॉकर धरोन उभे राहिले आणि खाट सातपासून दारापावेतो बारा पावले चालोन गेले, आणि खाट आठने टाळी वाजविली.

परत येवोन बसता मास्तरांची नजर मास्तरीणबाईंवर पडली. त्याही बसल्या होत्या, आणि हात स्वतःच्या गुडघ्यावर होता. मास्तरांनी उशाची पट्टी उचलोन त्यांजपुढे धरिली.

"तुझं?"

"माझं काय, चाललंय."

"'चाललंय' असा चेहरा यात नाही. बोट ठेव."

मास्तरीणबाईंनी सिस्टरबाईंकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, बोट तिसऱ्या चेहऱ्यावर ठेविले, आणि मग कोणी न सुचविता ते सरकत सरकत पाचव्यावर गेले.

"कधीपासून?"

"तुम्ही रिटायर व्हायच्या आधीपासून."

मास्तरांनी पट्टी उलटविली, पाठीमागचे आठ वाचले, आणि त्यातून काही कापले नाही.

येणेप्रमाणे खाट सातचा गुडघा फत्ते जाहला, तक्त्यात खरा आकडा पडला आणि चौदाव्या कलमाचा कागद शुद्धलेखनासह दफ्तरी रुजू जाहला. मास्तरीणबाईंचा गुडघा मोहिमेच्या यादीत नसल्याकारणे सिस्टरबाईंनी तो निराळ्या चिठ्ठीवर लिहोन, हाडांच्या डॉक्टरांच्या नावे, मास्तरीणबाईंच्याच हाती दिला. निरोप घेवोन मास्तरीणबाई सवयीने जिन्याकडे वळल्या, तो पाठीमागून खाट सातवरून हुकूम सुटला. त्या दिवशी त्या लिफ्टने उतरल्या.