एप्पीचं पिंप

शनिवारी दुपारी लुडोविक गेडिसने दुकानाच्या मागच्या खोलीत चार पेले मांडले आणि सवयीने पाचवाही काढला. मग तो हळूच कपाटात परत ठेवला. त्याची बायको एप्पी जाऊन वर्ष झालं होतं, पण हे हाताला कोण समजावणार?

गेडिसांचा धंदा तीन पिढ्यांचा. स्वतःची भट्टी नाही. दरीतल्या भट्ट्यांकडून कोवळ्या व्हिस्कीची पिंपं घ्यायची, आपल्या कोठारात वर्षानुवर्षं मुरवायची आणि आपल्या नावाच्या बाटल्यांत भरायची. नाव गेडिसांचं असलं तरी नाक एप्पीचं होतं. लुडोविकला व्हिस्की आणि खोकल्याचं औषध यांतला फरक बाटली बघूनच कळतो, असं गाव म्हणे आणि ते ऐकून सगळ्यांत जास्त एप्पीच हसे. अठरा वर्षांपूर्वी तिने एका पिंपावर खडूने स्वतःचं नाव घातलं. "हे अठराचं झालं की भरायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही," अशी ताकीद देऊन ठेवली.

मग ती आजारी पडली. डॉक्टरांनी व्हिस्की बंद केली आणि लुडोविकने ती इमानेइतबारे बंद ठेवली. शेवटची दोन वर्षं तिने कितीदा मागितली, पण याने कपाटाची किल्ली खिशातून काढली नाही. पिंप तिचं, आणि तिलाच त्यातला थेंब मिळाला नाही, ही बोच त्याला रात्रंदिवस होती. आज ते चाखायचं, सोमवारी बाटल्यांत भरायचं आणि दुकानाला कुलूप लावून इन्व्हरनेसला मुलीकडे कायमचं जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मुलीने त्याच्या खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. 'एप्पीचं, अठरा वर्षं' अशी लेबलं छापून आली होती आणि त्यांच्याकडे पाहिलं तरी एकाहत्तर वर्षांच्या त्या माणसाला भरून येत होतं.

चाखायला मंडळी नेहमीचीच. क्रुकशँकबाई वयाने ब्याऐंशी. अर्धा गाव त्यांच्याकडे पाढे शिकलेला, त्यामुळे अजून टरकून असे. पिरीसाहेब अबकारी खात्यातून निवृत्त झालेले. आणि डॉड, चाळीस वर्षं गेडिसांच्या कोठारात पिंपं लोटत आलेला. तो आज दाराशी ताठ उभा होता.

"अरे बस की," लुडोविक म्हणाला.

"उभाच बराय, मालक. गुडघा धरलाय."

रिवाजाप्रमाणे आधी कोवळी, मग मुरलेली. सहा वर्षांची व्हिस्की एप्पीच्या पिंपाशेजारच्याच पिंपातली होती, एकाच भट्टीची. बाईंनी पेला नाकाशी नेला. "द्वाड आहे, पण हुशार आहे. ओलं गवत, हिरवं नासपती. पुढे नाव काढेल."

मग एप्पीची आली. बाईंनी वास घेतला, घोट घेतला, चमचाभर पाणी घातलं आणि पुन्हा वास घेतला. लुडोविकचा जीव टांगणीला लागला.

"लुडो, ही म्हातारी छान आहे. पण तिच्या पदराआड ते सहा वर्षांचं कार्टं लपलंय."

"बाई, पेला नीट धुतला गेला नसेल."

"पेला मी स्वतः पुसलाय. मला शिकवू नकोस."

पिरीसाहेबांनीही चाखून मान हलवली. लुडोविकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "चला कोठारात! तुमच्यासमोर पिंपातून काढतो. माझ्या एप्पीच्या पिंपात भेसळ म्हणजे काय?"

कोठारात पिरीसाहेबांनी पिंपाचं बूच काढून मापाची काठी आत सोडली आणि बाहेर काढून बघतच राहिले. "अठरा वर्षांत तिसरा हिस्सा हवेत उडायला हवा. देवदूतांचा वाटा म्हणतात त्याला. हे तर काठोकाठ भरलंय!"

"मग? मी सगळ्यांना सांगतच असतो," लुडोविक छाती फुगवून म्हणाला. "एप्पीच्या पिंपाला देवदूतसुद्धा हात लावत नाहीत."

"हात लावत नाहीत, हे एक वेळ मान्य. पण आणून ओततात?"

बाईंनी शेजारच्या सहा वर्षांच्या पिंपावर काठीने ठोकलं. निम्म्याच्या वर पोकळ आवाज आला. बाई सावकाश वळल्या आणि त्यांनी वर्गातला आवाज काढला.

"डॉड. खाली बस."

साठ वर्षांपूर्वीच्या भीतीपुढे गुडघ्याचं निमित्त चालत नाही. डॉड बसायला गेला, अर्ध्यात अडकला, आणि त्याच्या विजारीच्या पायातून हातभर लांबीची तांब्याची नळी निसटून फरशीवर खणखणली. जुन्या काळी कोठारातले गडी अशा नळीत व्हिस्की चोरून नेत. तिला ते 'कुत्रा' म्हणत, कारण ती सदा मालकाच्या पायाशी. लुडोविकने अशी नळी आजोबांच्या वेळी पाहिली होती, त्यानंतर आजच.

"डॉड! तू? चाळीस वर्षं माझं मीठ खाऊन?"

"मी थेंब नाही प्यायलो, मालक. आईशपथ," डॉड रडकुंडीला आला. "मालकीणबाईंसाठी नेत होतो. तुम्ही संध्याकाळी दुकान आवरायला गेलात की खिडकीतून द्यायचो. दोन वर्षं. त्यांनीच सांगितलं, 'कमी झालेलं त्याला कळलं तर त्याचा जीव तुटेल, शेजारच्यातून भर घाल.' मला हिशोब कुठला यायला? कमी दिसायला नको म्हणून जरा जास्तच घालत गेलो."

"आणि आज?"

"आज शनिवार. दर शनिवारी त्यांच्या थडग्यावर दोन घोट ओततो. सवय झालीय."

लुडोविक उलट्या टाकलेल्या एका पिंपावर मटकन बसला.

"ती... काय म्हणायची रे?"

"दर वेळी एकच. घोट घ्यायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, 'अजून तयार नाही, डॉड. उद्या परत बघू.'"

"रोज?"

"रविवारी दोनदा."

लुडोविक हसायला लागला आणि हसता हसताच त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. तिला मिळाली होती. पोटभर मिळाली होती, आणि वर त्याला काही कळू न देता.

पिरीसाहेब खाकरले. "मी नोकरीत असतो तर ही नळी मला दिसली असती. आता दिसत नाही. पण लेबलाचं मात्र सांगावं लागेल. मिसळलेल्या व्हिस्कीचं वय म्हणजे त्यातल्या सर्वांत कोवळीचं वय. कायद्याने हे पिंप आता सहा वर्षांचं."

"सहा," लुडोविक म्हणाला. मग त्याने बोटांवर मोजलं. "आणि ती बजावून गेलीय, अठराचं झालं की भरायचं. म्हणजे अजून बारा वर्षं. मी त्र्याऐंशीचा होईन."

"माझं वय मोजू नकोस," बाई म्हणाल्या. "मला फक्त तारीख कळव."

लुडोविकने फरशीवरची नळी उचलली, रुमालाने पुसली, पिंपात बुडवून भरली आणि घोट घेतला. त्याने डोळे मिटले. ओलं गवत की नासपती, त्याला काहीही कळलं नाही.

"अजून तयार नाही," तो म्हणाला. "उद्या परत बघू."

उरलेलं त्याने डॉडच्या हाती दिलं. शनिवार होता ना. मग दुकानात जाऊन मुलीला फोन लावला आणि खोलीचा रंग नीट वाळू दे म्हणून सांगितलं, बारा वर्षं तरी लागतील.