संहितेत काय आहे?

लिमयेकाकांशी बोलताना मध्येच श्वास घेण्याची सोय नाही. घेतलाच, तर पुढचा शब्द ते पुरवतात. तोही मोठ्याने नव्हे. ओठ जेमतेम हलवून, मान किंचित वळवून, तुम्हाला ऐकू येईल आणि तुमच्या शेजारच्याला येणार नाही अशा नेमक्या दबक्या स्वरात. "काल मी आबिड्सला..." एवढे म्हणून मी भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेते, तोच कानाशी झुळुकीसारखे शब्द येतात, "गेले होते." मला खरे तर "पोस्टाच्या रांगेत उभी होते" असे म्हणायचे असते. पण ते शब्द इतक्या अधिकाराने आलेले असतात की आपण निमूटपणे "गेले होते" म्हणतो, आणि आपलेच वाक्य आपण विसरलो होतो अशी खंत दिवसभर बाळगतो.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत सत्यनारायणाची पूजा सांगायला येणारे तेलुगू गुरुजी कथेत कुठे खोकले, तर पुढचे पद काकांकडून येते. दोन वर्षांपूर्वी शैलाकाकू गेल्या, तेव्हा भेटायला येणारी माणसे दाराशीच अडखळत. "काका, काकू म्हणजे अगदी..." "लक्ष्मी होत्या," काका दबक्या स्वरात सांगत. "लक्ष्मी होत्या," माणसे म्हणत आणि सुटका झाल्यासारखी सतरंजीवर टेकत. स्वतःच्या दुःखाचे संवादही ज्याने इतरांना पुरवले, असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काका सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरीला होते, ही त्यांच्या मते तपशिलाची बाब. त्यांचे खरे पद म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या नाट्यशाखेचे प्रॉम्प्टर. विंगेत एका स्टुलावर बसून, मांडीवर संहिता आणि संहितेवर एक छोटी विजेरी घेऊन, त्यांनी ऐन तारुण्यातल्या किती संध्याकाळी काढल्या, हे त्या विंगेतल्या डासांनाच ठाऊक. मंडळाने नाटके अनेक केली, पण पुन्हा पुन्हा केले ते एकच: 'भाडेकरू ठार बहिरा'. तात्या नावाच्या घरमालकाची मुलगी गाणे शिकत असते आणि ती इतके वाईट गाते की एकही भाडेकरू टिकत नाही. म्हणून तात्या बहिरा भाडेकरू शोधतात. नायकाला खोलीची गरज असते. तो बहिरा असल्याचे सोंग घेतो. पुढचे तीन अंक तो सगळे ऐकतो आणि काहीच ऐकले नाही असे दाखवतो. शेवटी सोंग उघडे पडते. नायक विचारतो, "आता तुमचं गाणं जन्मभर ऐकायची परवानगी द्याल?" नायिका म्हणते, "होय." पडदा.

यंदाच्या स्नेहसंमेलनात हे नाटक पुन्हा उभे राहावे, एवढीच काकांची मागणी होती. बाकी त्यांना या जगाकडून काही नको होते; सोसायटीने टाकी वेळेवर धुवावी, हे सोडून. पण मंडळाची कार्यकारिणी आता तरुण झाली आहे. पुण्या-मुंबईहून इथल्या संगणक कंपन्यांत आलेली ही मुले चपळ आहेत, प्रेमळ आहेत आणि त्यांना तीन अंकांइतका वेळ नाही. त्यातच या जुन्या नाटकावरून एक नवा सिनेमा निघाला, 'तू म्यूटवर आहेस'. सेक्रेटरी सायलीने सुचवले की नाटक बसवण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा संमेलनात सिनेमाच दाखवू. काकांनी हरकत घेतली. तेव्हा लोकशाही पद्धतीने असे ठरले की सगळ्यांनी आधी सिनेमा पाहावा, मग ग्रंथालयाच्या सभागृहात 'नाटक आणि सिनेमा' अशी चर्चा ठेवावी, काकांनी नाटकाची बाजू मांडावी आणि शेवटी हात वर करून निर्णय घ्यावा. चर्चेचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि कविता लिहिते. असल्या माणसाला अध्यक्ष केले की कुणाचेच नुकसान होत नाही, असा मंडळाचा अनुभव आहे.

सिनेमाला आम्ही रविवारी सकाळी गेलो. हैदराबादेत मराठी सिनेमाला मिळतो तो हाच खेळ. चित्रपटगृहात आदल्या रात्रीच्या लोणीदार मक्याच्या लाह्यांचा शिळा वास असतो आणि वातानुकूलन नुकतेच झोपेतून उठलेले असते. काका माझ्या शेजारी बसले. पडद्यावर तात्यांच्या जागी एक दाढीवाला तरुण आला, जो घर भाड्याने देत नव्हता, 'सामूहिक जगण्याचा अनुभव' देत होता. नायिका गात नव्हती. माइकसमोर बसून पॉडकास्ट करत होती. नायकाने कानांवर मोठे हेडफोन चढवले होते, त्यामुळे बहिरेपणाचे सोंग वगैरे त्याला काही करावेच लागत नव्हते. पात्रे बोलू लागली, आणि माझ्या डाव्या कानात झुळूक सुरू झाली. प्रत्येक संवादाआधी काका मूळचा संवाद देत होते. पडद्यावरचा नट वेगळेच बोलला की क्षणभर थांबत आणि तेच वाक्य पुन्हा, जरा ठासून देत; न जाणो, त्याला पहिल्यांदा ऐकू आले नसेल.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळले. बायको मराठी असावी. तिने ओढून आणल्याचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"चचा, आप इस पिच्चर में काम करे क्या?"

"नाटक में था," काका म्हणाले. "विंग में."

"तो चुप बैठो ना जरा. वो लोगां परदे पे हैं, उनकू सुनाई नहीं देता."

"इसीलिए तो चुक रहे हैं," काका म्हणाले.

शेवटचा प्रसंग आला. नायकाने फोनवर प्रश्न लिहून पाठवला. नायिका खिडकीशी गेली, बाहेर हायटेक काचांवर ऊन वितळत होते, व्हायोलिने वाजू लागली. तिने फोन उचलला आणि उत्तर म्हणून एक पिवळा अंगठा पाठवला. दिवे लागले. काका जागचे हलले नाहीत. त्यांचे ओठ मात्र अजून हलत होते. शब्द दिलेला होता आणि उचलायला कुणी नव्हते.

चर्चेच्या संध्याकाळी काका इस्त्रीच्या नेहरू सदऱ्यात आले. सभागृहात जुन्या पुस्तकांचा दमट वास, बाहेरच्या इराणी हॉटेलातून येणारा उकळत्या चहाचा दुधाळ वास आणि पुढच्या रांगेतल्या बायकांच्या केसांतल्या मल्लीच्या गजऱ्यांचा वास, असे तीन वास एकमेकांना जागा देत बसले होते. काकांनी सुरुवात पेल्यापासून केली.

"दुसऱ्या अंकात नायकाच्या पाठीमागे पितळी पेला पडतो. पितळी पेला पडला की आधी ओरडतो, मग गोल फिरत कण्हतो, मग थरथरून गप्प होतो. एवढा वेळ त्या नटानं दचकायचं नाही. प्रेक्षक दचकतो, तात्या दचकतात, तो दचकत नाही. हे नाटक आहे. सिनेमात काय पडतं? कागदी कप. कागदी कपाला न दचकण्यात कसला आलाय अभिनय? मीसुद्धा दचकणार नाही."

लोक हसले. काकांना हसू अपेक्षित नव्हते. त्यांनी ते चुकीच्या जागी आलेल्या टाळीसारखे सहन केले.

"पण काका," सायली म्हणाली, "नाटकात त्या मुलीला काही कामच नाही. तीन अंक तंबोरा घेऊन बसते."

"गाते ती."

"वाईट गाते."

"संहितेत तसंच आहे," काका म्हणाले.

संहितेत काय आहे, हा काकांचा जीवनमंत्र. भाजीवालीने कोथिंबीर कमी दिली तरी ते जणू संहिता काढून तपासतात. ते मूळचे पुण्याचे, आणि मराठी भाषेची संहिता पुण्यात ठेवलेली असून बाकी सारा देश तिचे चुकीचे पाठांतर करतो, अशी त्यांची श्रद्धा. शैलाकाकू काचीगुड्यात जन्मल्या, वाढल्या. त्यांच्या मराठीला दख्खनीची फोडणी होती. "शैला, चहा झाला का?" हे वरच्या मजल्यावरून रोज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येई. "हौ," काकू म्हणत. "होय," काका दुरुस्ती करत. "हौ, होय," काकू म्हणत, आणि कपबशीचा आवाज येई. माझी सकाळ या शुद्धिपत्राने सुरू होत असे.

काका बोलत राहिले. सिनेमाने प्रवेश कसे गाळले, तात्यांचे स्वगत कसे मारले, विनोदाच्या जागा संगीताने कशा बुजवल्या. मुद्दे बरोबर होते आणि सभागृह हळूहळू फोनच्या उजेडात विरघळत होते. शेवटी ते अंगठ्यावर आले.

"लेखकानं एक शब्द लिहिला होता. होय. दोन अक्षरं. त्याच्यासाठी तीन अंकांची बांधणी. तो शब्द यांनी काढून टाकला. शब्द बदलायचा अधिकार कुणालाही नाही. ना दिग्दर्शकाला, ना नटाला. एक अक्षरसुद्धा नाही."

"पण काका," सायलीने सरळ मनाने विचारले, "आपल्या मंडळाच्या प्रयोगात नायिका शैलाकाकू असायच्या आणि शेवटी 'हौ' म्हणायच्या ना? मला बायका सांगत होत्या."



पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाई पदराआड हसल्या. "हौ तर. पहिल्याच प्रयोगाला म्हणाली. अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. पुण्याचं नाटक आमच्या गल्लीत आल्यासारखं झालं बघा." दुसरीने दुजोरा दिला, "पुढं लोक त्या एका हौसाठीच यायचे. माझे सासरे तर तिसऱ्या अंकालाच यायचे." कुणीतरी काकूंसारखी मान वेळावून "हौ" म्हणून दाखवले, मग तिच्या शेजारणीने, मग पलीकडचीने. इथेच वाढलेली, मराठी धड वाचताही न येणारी मुले फोन ठेवून वर पाहू लागली. त्यांच्या घरातला शब्द कुणीतरी रंगमंचावर नेला होता, ही बातमी त्यांना नवी होती.

काका अजून उभेच होते. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द देणारा तो माणूस ओठ किंचित उघडे ठेवून विंगेकडे पाहावे तसा उजव्या भिंतीकडे पाहत होता. तिथे पुस्तकांचे कपाट होते. काका हळूच खाली बसले.

मी हात वर करायला सांगितले. नाटक भरघोस मतांनी जिंकले. काकांच्या एकाही मुद्द्याने नव्हे, संहितेत नसलेल्या एका शब्दाने. काका आपल्या विजयाकडे एखाद्या परक्या सामानाकडे पाहावे तसे पाहत राहिले.

आम्ही दोघे चालत परत निघालो. बोलताना कुठे अडखळायचे नाही, याची मी मुद्दाम काळजी घेतली. कोपऱ्यावरच्या बेकरीतून भाजक्या बिस्किटांचा गोड-खारा वास आला, तेव्हा ते थांबले. काकूंना ती बिस्किटे आवडत.

"बाई, मी प्रत्येक प्रयोगाला विंगेतून 'होय' दिलं," ते म्हणाले. "पहिल्या प्रयोगाच्या वेळी आमचं लग्न झालेलं नव्हतं. मला वाटलं, तिला ऐकू येत नाही. मी स्टूल पुढं सरकवलं. मग आणखी पुढं. शेवटी इतका पुढं गेलो की पहिल्या रांगेला माझे गुडघे दिसायचे."

"ऐकू येत असेल त्यांना," मी म्हणाले.

"येत होतं. माझ्याकडं बघूनच म्हणायची." ते जरा हसले. मग म्हणाले, "शेवटी दवाखान्यात होती. मी विचारलं, पाणी हवं का. ती म्हणाली, होय. स्पष्ट, स्वच्छ. पुण्याच्या बाईसारखं."

काकांनी बेकरीकडे पाहिले. त्यांना पुढचे वाक्य सुचत नव्हते असे नाही.

"मी धावत जाऊन सिस्टरला बोलावून आणलं," ते म्हणाले. "म्हटलं, लवकर चला, हिला काहीतरी झालंय."

तालमी सुरू झाल्या. पितळी पेला माझ्या घरचा गेला. बँकेत नोकरी करणारा, इथेच वाढलेला सिद्धार्थ नायक झाला. त्याने संहिता रोमन अक्षरांत उतरवून फोनवर घेतली होती. काकांनी तो फोन लांब धरून पाहिला आणि काही न बोलता परत दिला. यावरून त्यांची प्रकृती बरी नसावी असे सगळ्यांना वाटले. नायिका सायली. ती सदाशिव पेठेत वाढलेली. तिचे उच्चार असे की प्रत्येक शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला.

शेवटचा प्रवेश पहिल्यांदा उभा राहिला, त्या दिवशी मी सभागृहात मागे बसले होते. काका विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता. सिद्धार्थने प्रश्न विचारला. सायलीने तंबोऱ्यावरचा हात काढला, मान वर केली आणि म्हणाली,

"होय."

अगदी जिथल्या तिथे. दिग्दर्शकाने पडदा ओढायची खूण केली. तेवढ्यात विंगेतून ती ओळखीची झुळूक आली. सायलीला ऐकू यावे आणि इतरांना येऊ नये अशी. पण सभागृह रिकामे होते, म्हणून मलाही ऐकू आली.

"हौ."

सायली गोंधळली. तिने हातातले पान पाहिले. "काका, संहितेत तर होय आहे."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. विंगेच्या काळ्या कापडाबाहेर आधी दोन गुडघे दिसले.

"संहितेत चूक आहे," काका म्हणाले. "दुरुस्त करून घ्या."