मुकुंदमामांची पूरवही

गोदावरी चढू लागली की आमच्या पंचवटीतल्या गल्लीत सगळेजण सामान वर नेतात. शेजारचे मुकुंदमामा खडू, घड्याळ आणि वही घेऊन खाली उतरतात. एकदा त्यांच्याच खोलीत पाणी शिरलं, गादी तरंगू लागली. ती उचलायला धावलेल्या माझ्या नवऱ्याला त्यांनी दारातच अडवलं. "थांबा हो, भिंतीवर रेघ मारू द्या. गादी वाळेल."

अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन, एकटा जीव. पूर किती, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून सांगतात. कोणी "छातीला लागलं" म्हणालं की मामा भर पावसात विचारतात, "छातीच्या वर की खाली? नोंदीत मोघम चालत नाही."

मीही याद्या करणारी बाई. पुराची यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेली असते: शिलाई मशीन, कापड, गॅस, कागदपत्रं. एका वर्षी मांडीचं हाड मोडलेल्या सासूबाई खालच्या खोलीत होत्या. जिना चढवणं शक्य नव्हतं. नदी अजून लांब आहे, शेवटी रिक्षाने नेऊ, असं मी ठरवलं होतं. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं आणि मामा भिजत आले.

"ताई, मशीन राहू द्या. काकूंना काढा."

"पाणी लांब आहे, मामा."

"समोरून लांब आहे. कमरेला लागलं की अर्ध्या तासात मागच्या गटारीतून उलटं येतं. मागच्या तिन्ही पुरांत आलंय. वही दाखवू की निघायचं?"

निघालो. सासूबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीत, एका बाजूला नवरा, दुसरीकडे सत्तरीचे मामा. "मुकुंदा, सावकाश. मी काय सिलिंडर आहे?" सासूबाईंचं चालूच. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत गटारीचं पाणी आमच्या गुडघ्यांवर आलं होतं. आणखी उशीर झाला असता तर काय, याची यादी मी आजही करत नाही.

चढावरच्या शाळेत मामांनी वही उघडली. दर पंधरा मिनिटांच्या नोंदींत पाऊण तास कोरा होता. असं पहिल्यांदाच झालं होतं. "ताई, मधे पाणी कुठवर होतं, पाहिलंत का?"

मी नाही म्हटलं.

"मला विचार की," सासूबाई म्हणाल्या. "पुराचा दुसरा भोंगा झाला तेव्हा माझ्या तळपायाला लागलं. गार होतं."

मामांनी वेळ घालून तसंच लिहिलं. मग पेनाचं टोपण लावत हळूच विचारलं, "काकू, नेताना फार दुखलं का?"

"दुखलं रे," सासूबाई म्हणाल्या. "ते नको लिहूस."